अद्भुतिका : संज्ञा आणि सीमा

अद्भुतिका : निसर्गनियमांत न बसणाऱ्या घटना, पात्रे किंवा सृष्टी जिच्यात कल्पिलेली असते आणि हे सारे कल्पितच आहे, हे सांगणारा व ऐकणारा या दोघांनाही मान्य असते, अशी कथा वा कादंबरी. इंग्रजीतील ‘फँटसी’ या संज्ञेला पर्याय म्हणून ‘अद्भुतिका’ ही संज्ञा मराठीत योजली जाते. ‘फँटसी’ हा शब्द ‘मनासमोर दृश्य होणे’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेला आहे. वरील व्याख्येच्या पहिल्या भागाविषयी, म्हणजे निसर्गनियमांच्या उल्लंघनाविषयी, समीक्षकांत फारसा मतभेद नाही. दुसरा भाग, म्हणजे कल्पिताची परस्परमान्यता, हा मात्र वादाचा विषय आहे. अद्भुतिका कशाला म्हणावे, हा प्रश्न अखेर या दुसऱ्या भागापाशी येऊन ठेपतो आणि मराठी साहित्याच्या संदर्भात तर तो टाळताच येत नाही.

संज्ञांचा गोंधळ : मराठी समीक्षेत या प्रकाराभोवती अनेक शब्द वावरतात. ‘अद्भुत’ हे मुळात एका रसाचे नाव. ‘अद्भुतरम्य’ हे विशेषण प्रामुख्याने इंग्रजीतील ‘रोमान्स’ या प्रकारासाठी रूढ झाले. त्यात शूर नायक, संकटात सापडलेली नायिका, योगायोग व पुनर्भेटी असतात, पण निसर्गनियमांचा भंग असतोच असे नाही. ‘कल्पनारम्य’ हा शब्द कधी स्वच्छंदतावादी काव्याला, तर कधी परीकथेला लावला जातो. ‘स्वप्नरंजन’ या शब्दात वास्तवाकडे पाठ फिरविल्याचा दोषारोप आहे. परीकथा, चमत्कारकथा, गूढकथा, भयकथा आणि विज्ञानकथा ही नावे कधी विषयावरून, कधी वाचकाच्या वयावरून, तर कधी परिणामावरून पडलेली आहेत. परिणामी एकच कथा एका समीक्षकाच्या लेखी परीकथा, दुसऱ्याच्या लेखी रूपककथा आणि तिसऱ्याच्या लेखी स्वप्नरंजन ठरते. हा केवळ नावांचा गोंधळ नाही. कथेतील अद्भुताचे स्थान कोणत्या कसोटीने ठरवावे, याविषयीच्या वेगवेगळ्या भूमिका त्यामागे आहेत. या भूमिका मुख्यतः चार आहेत : रसाची, अशक्यतेची, अन्यसृष्टीची आणि कथनसंकेताची.

रसाची कसोटी : नाट्यशास्त्रात विस्मय हा अद्भुत रसाचा स्थायिभाव मानलेला असून दिव्य आणि आनंदज असे त्याचे दोन प्रकार सांगितले आहेत. दिव्य वस्तूंच्या दर्शनाने होणारा विस्मय पहिल्या प्रकारात येतो, तर मनोरथ पूर्ण झाल्याच्या हर्षातून उद्भवणारा विस्मय दुसऱ्या प्रकारात. नाटकाच्या निर्वहणसंधीत अद्भुत असावा, असेही भरताने म्हटले आहे. म्हणजे या परंपरेत अद्भुत हा कोणत्याही कथाबंधात, विशेषतः त्याच्या शेवटी, येऊ शकणारा परिणाम आहे. त्यावरून एखादा स्वतंत्र कथाप्रकार सिद्ध होत नाही. दुरावलेल्या मातापुत्रांची भेट विस्मय निर्माण करते, पण त्यामुळे ती कथा अद्भुतिका होत नाही. उलट फ्रांट्स काफ्काच्या मेटामॉर्फोसिस (१९१५) या कथेत माणसाचा कीटक होतो, तरी त्याच्या घरच्यांना पडलेली चिंता मुख्यत्वे संसाराची आणि पैशाची असते. तेथे अद्भुत घटना आहे, पण विस्मय मुद्दाम दडपलेला आहे. तेव्हा रसाची कसोटी एकीकडे फार रुंद आणि दुसरीकडे फार अरुंद ठरते.

प्राचीन भारतीय विचारात याहून उपयुक्त असा दुसरा भेद आढळतो. अमरकोशात आख्यायिकेचा संबंध ज्ञात, घडून गेलेल्या अर्थाशी आणि कथेचा संबंध कल्पित रचनेशी जोडलेला आहे. भामहाने कथा आणि आख्यायिका यांत भेद केला, तर दंडीने तो नाकारला. त्यांचा वाद मुख्यतः निवेदक कोण असावा आणि ग्रंथविभाग कसे असावेत याविषयीचा असला, तरी कोशकाराने नोंदविलेला भेद सांगणाऱ्याच्या दाव्याशी निगडित आहे, ही बाब महत्त्वाची आहे. घडलेले सांगतो म्हणून सांगणे आणि रचून सांगतो म्हणून सांगणे, या दोन क्रिया भिन्न आहेत, याची जाणीव त्यात दिसते.

अशक्यतेची कसोटी : जे घडणे शक्य नाही ते घडल्याचे सांगणारी कथा म्हणजे अद्भुतिका, ही सर्वांत प्रचलित समजूत होय. ती तपासून पाहण्यास जालना जिल्हा आणि त्याला लागून असलेले गोदाखोरे हे सोयीचे क्षेत्र आहे, कारण येथे अशक्य घटनांच्या कथा अनेक प्रकारांनी सांगितल्या गेल्या आहेत. १ मे १९८१ रोजी हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या पश्चिमेला, गोदाकाठी, सातवाहनांचे प्रतिष्ठान म्हणजे आजचे पैठण आहे. जिल्ह्यातील भोकरदन हे प्राचीन भोगवर्धन असून तेथील उत्खननात सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष मिळाले आहेत. जालना शहर रामायणकाळी सीतेचे निवासस्थान होते व त्याचे नाव जनकपूर होते, पुढे एका धनाढ्य विणकरामुळे त्याला जालना हे नाव मिळाले, अशी आख्यायिका गॅझेटिअरमध्ये नोंदलेली आहे. अंबड येथील मत्स्योदरी देवीचे नाव तेथील टेकडीच्या मत्स्याकाराशी जोडले जाते. या स्थळकथांत अद्भुत आहे, पण त्या एखाद्या ठिकाणाचे नाव, आकार वा माहात्म्य यांचे कारण सांगतात. ऐकणाऱ्याने त्या खऱ्या मानाव्यात, अशी त्यांची अपेक्षा असते.

याच जिल्ह्यात घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे (१६०८–८२) जन्मगाव. नारायण सूर्याजी ठोसर हे त्यांचे मूळ नाव. लग्नमंडपात ‘सावधान’ हा शब्द ऐकताच बारा वर्षांच्या नारायणाने पलायन केले, ही कथा महाराष्ट्रात सर्वज्ञात आहे. तीत अशक्य असे काहीच नाही. परंतु चरित्रकार याखेरीज अनेक चमत्कार सांगतात. बालपणी श्रीरामाचे झालेले प्रत्यक्ष दर्शन, नाशिकजवळ टाकळी येथे मृताला मिळालेले जीवदान, दीर्घ तीर्थाटनानंतर जांबेस परतलेल्या पुत्राच्या स्पर्शाने मातेला पुन्हा आलेली दृष्टी हे त्यांपैकी काही होत. हनुमंतस्वामींची बखर आणि रामदासी परंपरेतील इतर चरित्रे यांतून असे प्रसंग एकमेकांना पूरक वा क्वचित विसंगत अशा रूपांत आले आहेत. अशक्यता हीच कसोटी मानली, तर हे सारे वाङ्मय अद्भुतिकेत जमा करावे लागेल.

तसे करणे चुकीचे ठरेल आणि त्याचे कारण श्रद्धेचा मान राखणे एवढेच नाही. ज्या ग्रंथाचा जो दावा नाही तो त्यावर लादणे हा वाचनाचा दोष आहे. महीपतीने (१७१५–९०) भक्तविजय (१७६२) या ग्रंथाच्या आरंभी नाभाजी आणि उद्धवचिद्‌घन या आपल्या पूर्वसूरींचा निर्देश केला आहे आणि आपण हे मनाने रचलेले नाही, असे श्रोत्यांना बजावले आहे. कल्पनेचे श्रेय नाकारणारा हा कवी अद्भुतिकाकाराच्या नेमका उलट टोकाला उभा आहे. त्याच्या ग्रंथातील चमत्कार इतिहासकाराला मान्य होणार नाहीत, पण इतिहास म्हणून न टिकलेला दावा आपोआप कल्पित साहित्य होत नाही. तो न टिकलेला दावाच राहतो, किंवा श्रद्धेचा विषय राहतो.

तेराव्या शतकातील महानुभाव गद्यात हा भेद अधिक स्पष्टपणे दिसतो. म्हाइंभटाने लीळाचरित्रात (सु. १२७८) चक्रधरांच्या आठवणी ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडून मिळवून नोंदविल्या. चांगदेव राऊळांनी भडोचच्या प्रधानपुत्राच्या मृत देहात केलेला प्रवेश ही घटनाही त्या परंपरेत चरित्राचा भाग म्हणूनच येते. याउलट केसोबासांनी दृष्टांतपाठात चक्रधरांचे ११४ दृष्टांत एकत्र केले. हत्ती चाचपणारे आंधळे खरोखर कोणत्या गावी होते, असे कोणी विचारीत नाही. लीळा आणि दृष्टांत या दोहोंचा वक्ता एकच, संप्रदाय एक आणि काळही जवळजवळ एकच, पण लीळेला साक्ष लागते आणि दृष्टांताला लागत नाही. मराठी गद्याच्या आरंभकाळातच श्रोत्यांना हे दोन कथनव्यवहार वेगळे ओळखता येत होते, असा याचा अर्थ होतो.

दृष्टांतात कल्पिताची कबुली असते, म्हणून तो अद्भुतिका ठरत नाही. अर्थ हाती येताच दृष्टांतातील घटनेचे काम संपते. अद्भुतिकेतील घटना अर्थ सुचवीत असली, तरी ती घटना म्हणून उभी राहिली पाहिजे. वि. स. खांडेकरांच्या रूपककथांना अद्भुतिका म्हणण्यात अडचण येते ती यामुळेच. त्यांत निसर्गातील वस्तू बोलतात, परंतु वाचकाचे लक्ष त्या बोलण्यातून निघणाऱ्या तात्पर्याकडे लागलेले असते.

रामदासांच्या स्वतःच्या रचनांतही या चर्चेला उपयुक्त पुरावा सापडतो. ‘आनंदवनभुवनी’ या काव्यात पूर्वी स्वप्नात पाहिलेले आता प्रत्यक्ष दिसू लागल्याचे वर्णन आहे. दुष्टांचा संहार, देवांचे साहाय्य, तीर्थांची मुक्तता अशी विराट चित्रे त्यात येतात. चित्रसामग्रीवरून पाहिले तर अद्भुतिकेशी त्याचे साम्य मोठे आहे. मात्र कवी येथे कल्पित सृष्टी रचीत नाही, तर आपल्या काळातील घडामोडींकडे बोट दाखवून स्वप्न खरे झाल्याची ग्वाही देतो. हे द्रष्ट्याचे काव्य आहे. दासबोधाच्या चौदाव्या दशकात कवित्वाचे धीट, पाठ आणि प्रासादिक असे प्रकार सांगताना रामदासांनी कौतुक-विनोदपर व शृंगारादी रसांच्या रचनेला खालची पायरी दिली आणि ईश्वरी प्रसादातून आलेले कवित्व श्रेष्ठ मानले. ज्याचा उगम स्वैर कल्पनेत आहे ते कनिष्ठ आणि ज्याचा उगम अनुभवात व प्रसादात आहे ते श्रेष्ठ, अशी ही श्रेणी आहे. मराठी समीक्षेने पुढे अद्भुताला जी वागणूक दिली, तिची कारणे वेगळी असली, तरी निवाडा याहून फारसा वेगळा नव्हता.

अन्यसृष्टीची कसोटी : जे. आर. आर. टोल्कीन यांनी परीकथांविषयीच्या व्याख्यानात (१९३९) दुय्यम सृष्टीची कल्पना मांडली. लेखकाने निर्मिलेल्या सृष्टीला स्वतःचे नियम असतात आणि जोवर ते पाळले जातात तोवर वाचक त्या सृष्टीत विश्वासाने वावरतो, असे तिचे सार आहे. नियमांची ही अट मोलाची आहे. उर्दू दास्तानांतील ‘तिलिस्म’ हे तिचे उत्तम उदाहरण होय. तिलिस्म ही जादूगारांनी बांधलेली मायानगरी. ती कोणालाही कशीही भेदता येत नाही. तिच्या भेदाची रीत ‘लौह’ नावाच्या पाटीवर लिहिलेली असते आणि नायकाला ती पाटी मिळवावीच लागते. म्हणजे जादूच्या राज्यातही मनमानी चालत नाही. जालना १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि तेथे उर्दू ही राज्यकारभाराची भाषा होती. त्यामुळे या प्रदेशातील अद्भुतकथांचा विचार मराठी व संस्कृत परंपरेपुरता मर्यादित ठेवता येत नाही.

मात्र अन्यसृष्टी हे अद्भुतिकेचे निर्णायक लक्षण मानता येत नाही. मराठी कथनपरंपरेत ‘आटपाट नगर’ हे अन्यसृष्टीचे सर्वांत परिचित प्रवेशद्वार आहे. हे नगर कोणत्याही नकाशावर नाही. श्रोत्याला ते ठाऊक असते आणि म्हणूनच तेथे राजाला दोन राण्या असणे, एक आवडती व दुसरी नावडती असणे, नागाने माहेरपण करणे हे सारे सहज चालते. परंतु हेच आटपाट नगर श्रावणातील व्रतांच्या कहाण्यांतही येते. तेथे कहाणी हातात अक्षता घेऊन ऐकली जाते आणि ती ऐकण्याला फल सांगितलेले असते. स्थळ एकच असूनही आजीने निजताना सांगितलेली गोष्ट आणि पूजेनंतर वाचलेली कहाणी यांत मोठे अंतर पडते. पहिली ऐकून कोणी व्रत धरीत नाही. दुसरी अर्धवट सोडणे मात्र अशुभ वाटते. हा फरक कथेच्या सृष्टीत सापडत नाही. तो कथा कोणत्या प्रसंगी, कोणत्या हेतूने आणि कोणत्या अपेक्षेने सांगितली जाते यात सापडतो.

कथनसंकेताची कसोटी : यावरून असे दिसते, की अद्भुतिकेचे निर्णायक लक्षण कथेत काय घडते हे नसून ते कोणत्या संकेताने सांगितले जाते हे आहे. सांगणारा ‘हे मी रचले आहे’ असे उघड वा सूचित करतो, ऐकणारा ते जाणून असतो आणि तरीही कथेपुरते ते खरे धरून चालतो. कोलरिज याने बायोग्राफिया लिटरेरिया (१८१७) या ग्रंथात अविश्वासाला स्वेच्छेने दिलेल्या विरामाची जी कल्पना मांडली, तिच्यातील ‘स्वेच्छेने’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. श्रद्धावान श्रोत्याला अविश्वास थांबवावा लागत नाही, कारण त्याच्यापाशी तो नसतोच. अद्भुतिकेच्या वाचकापाशी तो असतो आणि तो स्वतःहून बाजूला ठेवतो.

या दृष्टीने पैठणशी निगडित असलेली बृहत्कथेची परंपरा बोलकी आहे. सातवाहन राजाच्या सभेतील गुणाढ्याने पैशाची भाषेत ही कथा रचली, असे परंपरा सांगते. मूळ ग्रंथ लुप्त असून त्याची संस्कृत रूपांतरे शिल्लक आहेत. त्यांपैकी सोमदेवाचा कथासरित्सागर (अकरावे शतक) सर्वांत प्रसिद्ध होय. त्याच्या आरंभी शिवाने पार्वतीला कथा सांगितल्याचा, त्या चोरून ऐकणाऱ्या गणाला शाप मिळाल्याचा आणि मर्त्यलोकी जन्मलेल्या गुणाढ्याने आपल्या रक्ताने सात लक्ष श्लोक लिहिल्याचा वृत्तांत आहे. राजाने अव्हेर केल्यावर गुणाढ्य एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवून अग्नीत टाकतो आणि राजाला उपरती होईपर्यंत एकच लक्ष श्लोक उरतात. चौकट अशी दैवी असली, तरी सोमदेवाने हा ग्रंथ काश्मीरची राणी सूर्यमती हिच्या मनोविनोदासाठी रचला. विद्याधर, वेताळ आणि आकाशगामी यंत्रे यांच्या त्या कथा कोणत्याही देवतेच्या उपासनेसाठी सांगितलेल्या नाहीत. दैवी उगमाची चौकट ही येथे प्रतिष्ठा देणारी रूढी आहे. ग्रंथाचा खरा संकेत रंजनाचा आहे, म्हणून अद्भुतिकेच्या भारतीय पूर्वपीठिकेत त्याला अग्रस्थान द्यावे लागते.

एकोणिसाव्या शतकातील वाद : कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आरंभिलेले अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी हे भाषांतर १८६१ पासून प्रसिद्ध होऊ लागले. त्याच वर्षी लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची मुक्तामाला ही कादंबरी आली. पुढे त्यांची रत्नप्रभा (१८६६) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची मंजुघोषा (१८६८) ह्या कादंबऱ्या लोकप्रिय झाल्या. रिसबूड यांनी मंजुघोषेच्या प्रस्तावनेत आपली अडचण स्पष्ट केली आहे. हिंदूंच्या विवाहरीतींमुळे व इतर कारणांमुळे येथील जीवनात मनोवेधक असे गुण वा दोष आढळत नाहीत, रोजचे अनुभव लिहावेत तर ते नीरस होतात, म्हणून रंजक पुस्तक लिहू पाहणाऱ्याला अद्भुताचा आश्रय घ्यावा लागतो, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

हा युक्तिवाद वरवर पाहता पळवाटेचा वाटतो आणि पुढील समीक्षेने त्याला बहुधा तसेच लेखले. बाबा पदमनजींच्या यमुनापर्यटनाने (१८५७) विधवांच्या स्थितीसारखा जळता विषय आधीच कादंबरीत आणला होता आणि हरि नारायण आपटे यांच्या पण लक्षांत कोण घेतो? या कादंबरीने नित्याच्या जीवनातच केवढे नाट्य आहे ते दाखवून दिले. तेव्हा रिसबुडांचे निदान चुकीचे ठरले, यात शंका नाही. परंतु त्यातील एक बाब दुर्लक्षित राहिली. त्यांनी अद्भुत हे हेतुपूर्वक स्वीकारलेले साधन असल्याचे जाहीर केले आणि त्याची कारणे दिली. महीपतीने रचल्याचा इन्कार केला, तर रिसबुडांनी रचल्याची कबुली दिली. शंभर-सव्वाशे वर्षांच्या अंतराने लिहिलेली ही दोन निवेदने एकत्र वाचली, तर मराठीत कल्पित अद्भुताचा संकेत कसा घडला ते लक्षात येते. अर्थात यामुळे मुक्तामाला वा मंजुघोषा उत्तम ठरत नाहीत. त्यांचे अद्भुत मुख्यतः योगायोगाचे आहे आणि त्याला नियम नाही. संकट लेखकाच्या सोयीने येते व त्याच्याच सोयीने टळते. त्यांना अद्भुतरम्य म्हणावे, अद्भुतिका म्हणण्यास नियमबद्ध सृष्टीचे बळ त्यांच्यात नाही.

का. बा. मराठे यांचा नावल व नाटक ह्यांविषयी निबंध (१८७२) आणि वि. का. राजवाडे यांचा ‘कादंबरी’ (१९०२) हा निबंध यांतून मराठी कादंबरीची पहिली महत्त्वाची मीमांसा झाली. पुढील काळात अद्भुतापासून वास्तवाकडे झालेली वाटचाल म्हणजेच मराठी कादंबरीची प्रगती, असे तिच्या इतिहासाचे चित्र रूढ झाले. त्यामुळे अद्भुत ही साहित्याच्या बाल्यावस्थेची खूण ठरली आणि पुढे ते प्रायः बालवाङ्मयाच्या वाट्याला गेले. प्रौढांसाठी लिहिलेल्या अद्भुतिकेला समीक्षेत स्वतःची जागा उरली नाही.

आधुनिक मराठीतील सीमारेषा : या पार्श्वभूमीवर जी. ए. कुलकर्णी (१९२३–८७) यांच्या कथांचे वर्गीकरण करताना समीक्षकांची अडचण झाली, यात नवल नाही. काजळमाया (१९७२) या संग्रहातील ‘विदूषक’ आणि रमलखुणा (१९७५) या ग्रंथातील ‘प्रवासी’ व ‘इस्किलार’ या दीर्घकथा काळाने व स्थळाने ओळखता न येणाऱ्या सृष्टीत घडतात. त्यांना रूपककथा, दृष्टांतकथा वा प्रतीककथा म्हणण्याकडे समीक्षेचा कल राहिला. परंतु ‘इस्किलार’मधील नगरे, विधी व प्रवास यांना स्वतःचे वजन आहे. नियतीविषयीचा विचार काढून घेतला तरी ती सृष्टी वाचकाच्या मनात उरते. दृष्टांतातील घटना अशी उरत नाही. म्हणून या कथांना अद्भुतिका म्हणणे अधिक न्याय्य ठरते. विलास सारंग (१९४२–२०१५) यांच्या सोलेदाद (१९७५) या संग्रहातील कथांत अद्भुत वर्तमानाच्या आतच शिरते आणि पात्रे त्याने फारशी चकित होत नाहीत. अन्यसृष्टीची कसोटी त्यांना वगळील, पण संकेताची कसोटी सामावून घेईल.

त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी १९७० मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार घटना नैसर्गिक की अतिनैसर्गिक याविषयी वाचकाच्या मनात टिकून राहणारा संदेह हेच या साहित्याचे गमक होय. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या अनेक गूढकथांना हे वर्णन लागू पडते. मात्र संदेह फिटलेल्या कथा त्यामुळे बाहेर जातात आणि ‘इस्किलार’सारख्या कथेत तर तसा संदेह निर्माणच होत नाही. नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या कादंबऱ्यांत अनिष्ट शक्तींचे निवारण करणारे ‘समर्थ’ हे पात्र येते. मराठी वाचकाच्या कानाला या नामाभिधानाचे वलय परिचित आहे. तरीही बखरीतील समर्थांच्या सामर्थ्याविषयी वाचकाकडून जी श्रद्धा अपेक्षिली जाते, ती धारपांच्या पात्राविषयी अपेक्षित नाही. पुस्तक मिटल्यावर वाचकाने त्या शक्तीवर विसंबून राहावे, असे ते सांगत नाही. नाव आणि सामर्थ्य जवळचे, पण संकेत निराळे, असे हे उदाहरण आहे.

विज्ञानकथेचा संकेत आणखी वेगळा असतो. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत टोपणनावाने पाठविलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेपासून जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी जे कथालेखन केले, त्यातील कल्पना विज्ञानाच्या ज्ञात तत्त्वांशी बांधलेली आहे. तेथे नियमांचा हमीदार निसर्ग असतो. अद्भुतिकेत तो लेखक असतो. ययाती (१९५९) किंवा मृत्युंजय (१९६७) यांसारख्या पौराणिक कादंबऱ्यांतील शाप, वर व कवचकुंडले परंपरेने पुरविलेली असल्याने त्याही अद्भुतिकेत बसत नाहीत. त्यांचे लेखक अद्भुत रचीत नाहीत, वारशाने आलेल्या अद्भुतात माणसाचे मन शोधतात.

आक्षेप : संकेताच्या कसोटीवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की लोककथेला एक कर्ता नसतो, तेव्हा कल्पिताची कबुली कोण देणार? याचे उत्तर प्रसंगात आहे. निजण्याची वेळ, ठरावीक आरंभ व शेवट, ऐकणाऱ्या मुलांचे हुंकार यांतून तो संकेत समाज सामुदायिकपणे देत असतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. संकेत काळानुसार बदलतो. एका पिढीचे पुराण दुसऱ्या पिढीची परीकथा होते, मग वर्गीकरण स्थिर कसे राहील? हा आक्षेप खरा आहे, पण तो कसोटीचा दोष नसून विषयाचा स्वभाव आहे. ब्रायन अ‍ॅटबरी यांनी १९९२ मध्ये अद्भुतिकेचे वर्णन धूसर कडांचा संच असे केले. मध्यभागी निःसंशय उदाहरणे असतात आणि कडेकडे जावे तसे सभासदत्व विरळ होत जाते. ग्रीक देवकथा ही आज जगभर बव्हंशी साहित्य म्हणून वाचली जाते, कारण तिची उपासना थांबली. जांबेच्या राममंदिरात मात्र रामनवमीचा उत्सव आजही होतो. जेथे उपासना चालू आहे तेथे समीक्षकाने तिच्या कथांना अद्भुतिका म्हणणे म्हणजे त्या समाजाने न केलेला निर्णय त्याच्या नावावर मांडणे होय.

महत्त्व : ही चर्चा ग्रंथालयातील कप्प्यांपुरती नाही. महाराष्ट्राने २०१३ मध्ये नरबळी, अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा अधिनियम केला, तेव्हा कायद्यालाही ही रेषा आखावी लागली. तथाकथित चमत्कार करून लोकांना फसविणे व लुबाडणे हा गुन्हा ठरला, परंतु दिवंगत संतांनी केलेल्या चमत्कारांचे कथन व त्यांविषयीच्या साहित्याचा प्रसार प्रतिबंधाबाहेर ठेवण्यात आला. म्हणजे कृती आणि कथन यांत कायद्याने भेद केला. कथनांमध्ये भेद करण्याचे काम मात्र समीक्षेचे आहे. श्रद्धेने सांगितलेले चरित्र, फलासाठी ऐकलेली कहाणी, बोधासाठी योजलेला दृष्टांत आणि निव्वळ निर्मितीच्या बळावर उभी असलेली अद्भुतिका हे चार निरनिराळे व्यवहार आहेत. सर्वांना ‘अद्भुत’ या एकाच शब्दात गुंडाळले, की संतचरित्र बालिश ठरते आणि अद्भुतिका खोटी ठरते. या दोन्ही निवाड्यांनी मराठी वाङ्मयविचाराचे नुकसान केले आहे. वस्तुतः ज्या समाजाला रचलेले आणि मानलेले यांतील भेद उमगतो, त्याच समाजात अद्भुतिका मोकळेपणाने लिहिली व वाचली जाऊ शकते, कारण तिच्यात फसवणूक नसते. न घडलेले ती न घडलेले म्हणूनच सांगते आणि तरीही ऐकणाऱ्याला धरून ठेवते.